लांबच्यांचे चिंचोके

ज्याचे नाव घेण्यास जीभ अपुरी पडते म्हणून ज्याला कुणी केवळ ‘ते नाव’ एवढेच म्हणतात, आणि ज्याला आमच्या घरी रोज सांजवेळी ज्योतिःस्वरूप मानून हात जोडले जात, त्या एकाच तेजाला वंदन करून आज लिहावयास बसले आहे. आज मार्गशीर्ष वद्य दशमी. आमच्या पंचांगात या तिथीपुढे सण म्हणून काहीही लिहिलेले नाही. तरी माझ्यापुरता आज सण आहे. आठ सांजा चालणारा, आणि माझ्या घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसलेला. घरात दुसरे कुणी नाही, हेही खरेच.

डोळ्यांपुढे येते ती एक खिडकी... लोखंडी गजांची, हिरवा रंग उडालेली. तिच्या कट्ट्यावर शिवणीच्या लाकडाची एक लांबट फळी, फळीत आठ वाटोळी भोके, भोकांत आठ इवल्या काचेच्या पेल्या. पेल्यांत खाली पाणी, वर खोबरेल तेलाचा थर आणि त्यात उभी वात. नववी पेली एका बाजूला, सर्वांहून उंच. तो सेवक दिवा. इतरांना पेटवावे, एवढेच त्याचे काम. पहिल्या सांजेला एक ज्योत, दुसऱ्या सांजेला दोन, असे करीत आठव्या सांजेला आठ. बाहेर पानवेलींच्या मांडवातून येणारा ओलसर, किंचित तिखट गंध, आत तापलेल्या खोबरेलाचा वास, आणि या दोहोंच्या मध्ये पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मी.

वसईच्या पश्चिमेकडील बागायतीत आमची वाडी अगदी टोकाला होती. पानवेली, राजेळी केळी, एक विहीर, आणि तिच्यापुढे वाट संपत असे. वडील सकाळी बागेत राबत, नंतर आसपासच्या घरी पूजाअर्चा सांगत आणि शाळा सुटल्यावर मला पुढ्यात बसवून शब्दांची रूपे घोकून घेत. माझ्या वयाचे जवळपास कुणी नव्हते. डिसेंबर लागला की शेजारच्या गावातल्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या चढत, मुले नाताळसाठी गवताचा गोठा रचण्यात गुंतून जात. आणि मी आमच्या पडवीत ‘रामः रामौ रामाः’ म्हणत असताना त्यांचे हसणे केळीच्या बागेवरून तेवढे ऐकू येई. नव्वदीची ती पहिली वर्षे. मी तेव्हा सात वर्षांची होते.

पडवीला लागून असलेल्या खोलीत आरोन मास्तर राहत. तांत्रिक शाळेत त्यांनी जन्मभर मुलांना सुतारकाम शिकवले होते. ते बेने इस्रायल. अलिबागकडच्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले, मराठीच बोलणारे ज्यू कुटुंब त्यांचे. पत्नी निवर्तलेली. एकुलती एक मुलगी दीना लग्न होऊन इस्रायलला गेलेली, तिला तिकडेच नओमी आणि एली ही दोन मुले झालेली. मास्तरांनी नातवंडे पाहिली होती ती छायाचित्रांतच. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी लाकडी नळी तिरपी बसवलेली असे. येताजाता ते तिला बोट लावून ते बोट ओठांशी नेत. आई म्हणे, “देव दारातच ठेवलाय बघ मास्तरांनी, आत-बाहेर दोन्हीकडे लक्ष राहावं म्हणून.” मी त्यांना आबा म्हणत असे.

एका वर्षी दीनाताईंचे हवाई पत्र आले, त्यासोबत एका डबीत निळा, प्लास्टिकचा, चार बाजूंचा एक भोवरा. प्रत्येक बाजूवर एक अक्षर. तिकडे त्याला सेविवोन म्हणतात. दिव्यांच्या या सणात मुले तो खेळतात. बाबा, तुम्हीही खेळा, असे त्यांनी लिहिले होते आणि खाली मराठीत सारे नियम. आबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “आमच्या कोकणात हा खेळ नव्हताच गं. पासष्टाव्या वर्षी लेक बापाला भोवरा शिकवते!”

मला तर भोवरा ठाऊक होता. आबा चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात मी शेजारच्या पोरांनी टाकून दिलेली भोवऱ्याची दोरी, ती जाळी, त्या निळ्या भोवऱ्याला करकचून गुंडाळली आणि साऱ्या बळाने शहाबादी फरशीवर फेकला. जाळी त्या चौकोनी अंगावर धरेना. भोवरा फिरला नाहीच. भिंतीवर आपटला आणि त्याची वरची दांडी मोडून पलंगाखाली गेली.

मी रडण्याच्या बेतात होते. आबांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. “खाली लोखंडी आर नाही, जाळी नाही, नुसता दोन बोटांनी फिरवायचा हा. तुला काय ठाऊक, आणि मलाही काय ठाऊक! बैस. लाकडाचा करू.”

आठवडाभर ते शिवणीच्या एका तुकड्यावर बसले. मला अजून आठवतो तो भुशाचा गोडसर वास, आणि पटाशीखालून निघणाऱ्या पातळ, पांढुरक्या सालींची माझ्या परकरात झालेली रास. चौथ्या बाजूवर त्यांनी मूळचे अक्षर न कोरता वेगळेच कोरले. ती चार अक्षरे म्हणजे एका वाक्यातल्या चार शब्दांची आद्याक्षरे. इस्रायलमधल्या भोवऱ्यावर ‘महान चमत्कार इथे झाला’ असे असते; इतर साऱ्या जगातल्या भोवऱ्यांवर ‘महान चमत्कार तिथे झाला’. एका दिवसापुरते तेल त्यांच्या मंदिरात आठ दिवस जळले, तो हा चमत्कार. आबा म्हणाले, “आपण वसईत. आपल्याला ‘तिथे’च लिहायला हवं.”

“वसईत चमत्कार होत नाहीत का, आबा?”

“होतात की. तुझ्या बापाने काल अख्खा तास तुला एका जागी बसवलं, तो काय होता?”

या खेळाला आरंभी वडिलांचा विरोध होता. “मास्तर, हे द्यूतच झाले,” ते पडवीतून म्हणाले. आबा खिडकीतूनच उत्तरले, “भटजीबुवा, चिंचोक्यांचं कसलं द्यूत! हरलो तर तुमची उमा आमटीत घालेल.” मग त्यांनी तिकडची आख्यायिका सांगितली. एका परक्या राजाने त्यांच्या शास्त्राचे अध्ययन बंद केले होते. मुले गुहेत लपून पाठ घोकत आणि शिपायांची चाहूल लागली की पोथी लपवून भोवरे फिरवू लागत. “अध्ययन राखणारा खेळ,” वडील शेवटी म्हणाले, “रूपे म्हणून झाली की जाऊ दे तिला.” पुढे दरवर्षी पंचांग पाहून तेच आबांना सांगत, “मास्तर, वद्य अष्टमी आली. अमावास्येला आठवडा आहे, तुमचे दिवे जवळ आले.”

खेळ असा. दिवे जळत असेपर्यंत त्यांच्या उजेडात कोणतेही काम करायचे नाही. तो उजेड केवळ पाहण्यासाठी. म्हणून तेवढा वेळ खेळायचा. प्रत्येकाने आपल्यापुढे सारख्याच चिंचोक्यांचा ढीग घेऊन बसायचे. डावाच्या आरंभी प्रत्येकाने एकेक चिंचोका मध्ये ठेवायचा. मग पाळीपाळीने भोवऱ्याची दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच पीळ द्यायचा नि सोडायचा. बळाचे इथे काम नाही. जितका हात हलका, तितका तो अधिक वेळ उभा राहतो. मग त्याचे अंग डुलू लागते, अक्षरे एकमेकांत मिसळलेली असतात ती वेगळी दिसू लागतात, आणि तो एका कुशीवर निजतो. वर जे अक्षर, तसे फळ. ‘नून’ आले तर काही घेणे नाही, देणे नाही, स्वस्थ बसावे. ‘हे’ आले तर मधल्या राशीतले अर्धे आपले. ‘शिन’ आले तर आपल्यातला एक मध्ये घालावा. आणि ‘गिमेल’ आले तर सारी रास आपली! मध्ये काही उरले नाही की पुन्हा सर्वांनी एकेक घालावा. ज्याच्यापुढचे चिंचोके सरले तो बाद. सारे ज्याच्याकडे आले तो जिंकला. जिंकणाऱ्याला आबा एक सुकेळे देत, आमच्याच राजेळीचे, उन्हात वाळवून मधासारखे झालेले.

चिंचोके चांदीप गावची एक भाजीवाली आणून देई. आबा ते धुऊन, पुसून त्यांना खोबरेल तेलाचे बोट लावीत. दिव्याच्या उजेडात ते काळ्या-तांबड्या रत्नांसारखे चकाकत. पहिल्या सांजेला आबांनी चटईवर चार ढीग मांडले. मी मोजून पाहिले आणि मनातल्या मनात विचार केला, आम्ही तर दोघेच आहोत.

“हा माझा,” आबा म्हणाले, “हा दीनाचा. हा एलीचा, तो लहान आहे, त्याच्या वतीने मीच फिरवीन. आणि हा नओमीचा. तू नओमीकडून खेळ. तुझ्याच वयाची आहे ती.”

तशी मी नओमीकडून खेळू लागले. एक हिवाळा, दुसरा, तिसरा, चौथा. आबा तीन ढिगांसाठी पाळीपाळीने भोवरा फिरवीत, प्रत्येकाच्या वतीने वेगळे काहीतरी बोलत. “दीना, लहानपणापासून तुझा हात जडच!” “एलीशेठ, तुम्ही तर लुटलंत आम्हाला!” — आणि माझ्या हातून गिमेल पडले की टाळी वाजवून म्हणत, “शाबास, नओमी!”

शाबास, नओमी... तो शब्द कानी पडला की माझ्या आत काहीतरी लहान होऊन बसे. भोवरा मी फिरवला होता. बोटे माझी होती. सुकेळे मीच खात असे, परंतु जिंकलेली असे ती — छायाचित्रातली, दोन शेंड्या घातलेली, समुद्राकडे पाठ करून हसणारी मुलगी. मला एकदा, फक्त एकदाच, चटईवर एक पाचवा ढीग हवा होता. ज्याच्याकडे बोट दाखवून आबा म्हणतील, हा उमाचा. हे मागावे कसे, ते मला कळत नव्हते. आमच्या घरी आपल्यासाठी काही मागण्याची रीत नव्हती.

म्हणून मी एक केले. रोज खेळ संपला की नओमीच्या चिंचोक्यांतला एक मुठीत लपवून घरी नेऊ लागले. पावडरीच्या रिकाम्या डब्यात तो टाकताना ‘टक्’ असा आवाज होई. तो माझा ढीग होता. चार हिवाळ्यांत तो पुष्कळ वाढला, आणि त्याच्याशी मी कधीही, कोणताही खेळ खेळले नाही.

पाचव्या हिवाळ्यात ते सारे आले. दीनाताई, त्यांचे यजमान, एली आणि नओमी. ते आबांना न्यायला आले होते. कागदपत्रे झाली होती, दिव्यांचा सण इथे करून निघायचे ठरले होते. आई मला म्हणाली, “जा ना, इतके दिवस तिच्या नावाने खेळलीस, आता तिच्याशी खेळ.”

मी गेले. माझ्या नेहमीच्या जागी नओमी बसली होती. उंच, उन्हाने रापलेली, निळ्या पँटीतली. ती मराठी बोले, पण शब्द एखाद्या पाहुण्यासारखे बिचकत बाहेर येत. “तू उमा?” ती म्हणाली, “सबा पत्रात लिहितो तुझं.” आजोबांना ती सबा म्हणे. मी मान हलवली. ते पत्रात काय लिहीत, हे विचारायला हवे होते... मी विचारले नाही.

आबांनी ढीग मांडावयास घेतले. नओमीने तोवर शिवणीचा भोवरा उचलला आणि उगाच फिरवून पाहिला. तो डुलला, पडला. गिमेल.

“शाबास, नओमी!” आबा म्हणाले.

तेच शब्द. पण तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. चार वर्षे ते शब्द माझ्यावरून पलीकडे कुठेतरी जात होते. आज ते पोहोचले. आबांचे डोळे भरून आले होते, दीनाताई हसत होत्या, आणि मी पायरीवर, एक पाय आत, एक पाय बाहेर.

“उमा, ये, अशी मध्ये बैस,” आबांनी मला पाहिले. “हा दीनाचा, हा जावईबापूंचा, हा एलीचा, हा नओमीचा, हा माझा... आणि हा—” त्यांनी चिंचोक्यांचा डबा उपडा केला. दोन चिंचोके घरंगळून चटईवर पडले. “अरेच्चा! कमी पडले की. उमा, जा गं, आईकडून मूठभर घेऊन ये. तोवर थांबतो आम्ही.”

मी घरी गेले. फडताळामागून पावडरीचा डबा काढला आणि अंधाऱ्या खोलीत तो मांडीवर घेऊन बसले. ते कमी का पडले, ते मलाच ठाऊक होते. ते चकाकणारे दाणे परत नेले तर आबा क्षणात ओळखतील. आणि आईकडून नवे मागून न्यावेत, तर ज्या ढिगाची चार वर्षे वाट पाहिली तो शेवटी माझा मीच नेऊन मांडायचा का? दारातून आबांच्या खिडकीतली ती एक ज्योत दिसत होती. ती विझेपर्यंत मी बसून राहिले.

दुसऱ्या सांजेला आबा दाराशी आले. आई म्हणाली, “पोटात दुखतंय म्हणते.” तिसऱ्या सांजेला नओमी आली, तिच्यासोबत एली; मी भिंतीकडे तोंड करून निजले. चौथ्या, पाचव्या... पडवीतून आठही ज्योती दिसल्या त्या दिवशी वडिलांनी पोथी मिटली आणि एवढेच म्हणाले, “उमा, दिवे विझायच्या आत जाऊन ये.” मी गेले नाही.

निघण्याच्या सकाळी मी पानवेलींच्या मांडवात शिरले. वेलींच्या त्या उंच, हिरव्या भिंतींत पावलागणिक अंधार वाढतो. दव पानांवरून मानेवर ठिबकते. दूर रिक्षांचा आवाज, आईचे रडवेले निरोप. मग काठीची टकटक बांधावरून जवळ आली आणि थांबली.

“उमा!”

मी तोंडावर हात धरला.

“उमा, तू इथेच आहेस. वेल हललेली दिसली मला.” आबांना धाप लागली होती. “नओमीने विचारलं, सबा, उमाचे चिंचोके कुठे असायचे? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, बाय. अगं, मी लांबच्यांचे ढीग मांडत होतो. जे दिसत नाहीत, त्यांचे. तू तर समोर बसलेली असायचीस. समोरच्या माणसाचा काय ढीग मांडायचा, असं वाटलं मला. म्हातारा चुकला. आणि रोज एक कमी व्हायचा ना, ते मला ठाऊक होतं. म्हटलं, पोरगी कधीतरी स्वतःचा डाव मांडेल, तेव्हा मला खेळायला घेईल.”

एवढे बोलून ते उभे राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पानांच्या फटीतून त्यांची पांढरी विजार आणि काठीचे टोक दिसत होते. नुसता एक ‘ओ’ द्यायचा होता. तो घशापर्यंत आला होता, शपथेवर सांगते. पण मी तो धरून ठेवला, का, ते आजही मला उकललेले नाही.

“बरं,” आबा म्हणाले, “दिलास असं धरतो.”

काठीची टकटक बांधावरून परत गेली.

दोन हिवाळ्यांनंतर दीनाताईंचे पत्र आले. आबा गेले होते; समुद्र दिसेल अशा एका टेकडीवर त्यांना निजवले होते. वडिलांनी ते पत्र देवापुढे ठेवले, त्या दिवशी समई लावली आणि मला जवळ बसवून म्हणाले, “जे म्हणायचं राहिलं असेल ते आता म्हण.” मी पुष्कळ काही म्हटले. परंतु मेलेल्या माणसाला ‘ओ’ देता येत नाही. त्यासाठी आधी त्याने हाक मारावी लागते.

पुढे वडील गेले, आई गेली. वाडीवर इमारती आल्या, विहिरीच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. पावडरीचा तो डबा आईने केव्हातरी, न उघडताच, भंगारवाल्याला देऊन टाकला होता. शिवणीचा भोवरा नओमीसोबत गेला, ते योग्यच झाले. मी तुळिंजला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते, शाळेतल्या मुलांना संस्कृत शिकवते. वद्य दशमीपासून आठ सांजा देवापुढची समई लावते आणि ती जळत असेपर्यंत कोणतेही काम हाती घेत नाही, स्वस्थ बसते. खाली मुले खेळत असतात, त्यांच्या आया गॅलऱ्यांतून त्यांची नावे घेऊन ओरडत असतात, आणि ती उनाड मुले दहादा ऐकूनही गप्प राहतात, तेव्हा माझा जीव उगाच कासावीस होतो. एकदा तर मीच कठड्यापाशी जाऊन म्हणाले होते, “अरे, आई बोलावतेय ना, ओ दे की!” त्या पोराने वर पाहिले आणि हसत सुटला.

वाचकहो, तो एक, ज्याचे नाव घेण्यास जीभ अपुरी पडते, तुमच्या घरावर आपली कृपादृष्टी राखो. तुमच्या मुलाबाळांना दीर्घायुष्य, वडीलधाऱ्यांना शांत निद्रा मिळो. कुणी उंबऱ्यात उभे राहून तुम्हाला हाक मारील, तेव्हा रुसव्याहून तुमचा शब्द लवकर ओठी येवो; आणि तुम्ही कुणाला हाक माराल तेव्हा आतल्या खोलीतून, जिन्यावरून, परसातून, कुठून तरी, उशिरा का होईना, पण ‘ओ’ येवो.